ब्रॅक्टिएट

ब्रॅक्टिएट : मध्ययुगीन जर्मन प्रदेशातील पातळ, एकाच बाजूने ठसा उमटवलेले चांदीचे फेनिग (त्या काळचे छोटे नाणे). ११३०च्या सुमारास थुरिंजिया-सॅक्सनी भागात ही नाणी पाडली जाऊ लागली आणि चौदाव्या शतकापर्यंत चालली. मोठ्या नाण्याचा व्यास चार सेंमी.च्या वर जाई, वजन मात्र जेमतेम एक ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. पत्रा वर्खाइतका पातळ नसला, तरी बोटाने दाबल्यास वाकेल असा.

चांदी जवळचीच होती. गोस्लारजवळची रामेल्सबेर्गची खाण दहाव्या शतकापासून चालू होती. ११६८ मध्ये फ्रायबेर्गला चांदी सापडल्यावर पुरवठा आणखी वाढला. टांकसाळीत चांदी ओतून, घणाने ठोकून तिचा पत्रा करीत आणि कात्रीने चकत्या कापीत. प्रत्येक चकती तोलत नसत. ठरलेल्या वजनाच्या चांदीतून ठरलेली संख्या निघाली की पुरे; म्हणून एकाच साच्याच्या नाण्यांची वजनेही जुळत नाहीत. कोरलेला साचा एकच असे, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला चामडे किंवा शिशासारखे मऊ काहीतरी. घाव बसला की समोर चित्र उठून येई आणि मागे तेच उलटे, खोलगट दिसे.

एवढे नाजूक नाणे व्यवहारात टिकणार कसे? ते फार काळ टिकावे अशी अपेक्षाच नव्हती. टांकसाळीचा मालक चालू नाणे ठरावीक काळाने रद्द करी आणि लोकांना जुने देऊन नवे घ्यावे लागे. चार जुन्यांना तीन नवे, हा नेहमीचा दर. म्हणजे पंचवीस टक्के बट्टा, आणि तोच राज्यकर्त्याचा कर. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (कारकीर्द ११५२–९२) वर्षातून दोनदा नाणे बदली. व्यापाऱ्यांना हा जाच असह्य होई. पुढे अनेक शहरांनी पैसे मोजून नाणी पाडण्याचा हक्कच विकत घेतला आणि न बदलणारा ‘चिरंतन फेनिग’ आणला. मोठ्या व्यवहारांसाठी ग्रोशेन ही जाड, अधिक किमतीची चांदीची नाणी आल्यावर ब्रॅक्टिएटचे महत्त्व ओसरले.

दर वेळी नवे नाणे जुन्याहून वेगळे ओळखू यावे लागे. त्यामुळे साचे कोरणाऱ्यांना सतत काम मिळाले. ब्राउनश्वाइगला सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश याचा सिंह, माग्डेबुर्गला संत मॉरिस, क्वेडलिनबुर्गला सिंहासनावर बसलेली मठाधिपती : बोटाएवढ्या जागेत वस्त्राच्या चुण्यादेखील दिसतात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कामाला तोड नाही. नंतरची नाणी लहान आणि ओबडधोबड होत गेली.

आज संग्रहांत असलेली बहुतेक नाणी जमिनीत पुरलेल्या निधींतून आली आहेत. बदलून न घेतलेले, म्हणजे करातून निसटलेलेच धन आपल्यापर्यंत पोहोचले, ही त्यातली गंमत. अनेक नाण्यांवर नाव नसते. काहींवर अक्षरांसारख्या दिसणाऱ्या निरर्थक खुणाच असतात. तेव्हा काळ ठरवायला मुख्य आधार सोबत सापडलेल्या नाण्यांचा. जुन्या काळी निधी फुटून विकले गेले, तिथे ही माहिती कायमची गेली. बनावट नाण्यांचाही उपद्रव जुनाच. हॅनोव्हरचा, छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा निकोलाउस झेलेंडर (मृत्यू १७४४) हा स्वतः या नाण्यांचा अभ्यासक; त्याने अस्सल वाटतील असे काल्पनिक ब्रॅक्टिएट बनवले आणि ते खरे मानून काही काळ विद्वानांनी नोंदवलेही.