जर्मन आडनावांचे प्रत्यय कुठे गेले?

जर्मन लेखक योहान वोल्फगांग फॉन गटे याची पत्ररूप कादंबरी १७७४ मध्ये लाइपत्सिश येथे प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे शीर्षक ‘डी लायडेन डेस युंगेन वेर्टर्स’, म्हणजे तरुण वेर्टरची दुःखे, असे छापले होते. पुढच्या काळातील बहुतेक आवृत्त्यांत शेवटचा ‘स’ गळाला आणि नुसता ‘वेर्टर’ उरला. हा मुद्रणदोष नव्हे. ‘डेस’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) षष्ठीचा संबंध आधीच सांगून टाकते. मग नावाला पुन्हा षष्ठीचा प्रत्यय कशाला, असा कल भाषेत हळूहळू रुजत गेला होता.

आजच्या प्रमाण जर्मनमध्ये आडनावापुढे उपपद नसेल तर षष्ठीचा ‘स’ नावालाच लागतो, म्हणून म्युलरचे घर ‘म्युलर्स हाउस’ होते. उपपद आले की नाव मोकळे राहते. खरी गंमत ‘फॉन’ (‘चा’, ‘अमुक ठिकाणचा’) असलेल्या नावांत आहे. मध्ययुगीन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाख याच्या नावातील एशेनबाख हे गाव असल्याने प्रत्यय वोल्फ्रामला लागतो, तर गटेच्या बाबतीत ‘फॉन’नंतरचे नाव हे आडनाव असल्याने तो ‘गटेस’ असा अखेरीस येतो. मार्क्ससारख्या स-कारान्त नावांपुढे मात्र व्याकरणाची अडचण होते: लिहिताना एक लोपचिन्ह देऊन भागते, पण ते ऐकू येत नाही, म्हणून बोलताना ‘फॉन मार्क्स’, म्हणजे ‘मार्क्सचे’, असे म्हणून सुटका करून घेतात. पूर्वी ‘मार्क्सेन्स’ हे रूपही होते.

अठराव्या शतकात द्वितीया आणि चतुर्थीतही नावांना प्रत्यय लागत, आणि कवी शिलर व गटे यांच्या नावांची ‘शिलर्न’, ‘गटेन’ अशी रूपे त्या काळच्या लेखनात सर्रास आढळतात. ती गेल्याने काय गमावले, हे एका वाक्यात दिसते. ‘शिलर लोप्टे गटे’ याचा अर्थ शिलरने गटेची स्तुती केली असाच बहुधा लागेल. परंतु जर्मनमध्ये कर्मही वाक्यारंभी येऊ शकत असल्याने उलट अर्थही अशक्य नाही. ‘शिलर्न लोप्टे गटे’ असे लिहिले असते तर स्तुती करणारा गटे हे निःसंशय कळले असते. ‘गोखल्यांना’, ‘जोश्यांनी’ असे आडनावच बदलून बोलणाऱ्या मराठी माणसाला हा घोटाळा सहसा पडत नाही.

बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील बोलीने यावर आपला तोडगा काढला आहे. तेथे आडनावाआधी उपपद लावणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘डेन शिलर’ म्हटले की कर्म कोण हे उपपदच सांगते. उत्तरेकडे मात्र तेच उपपद सलगीचे, प्रसंगी तुच्छतेचे वाटते, आणि औपचारिक लेखनात ते सहसा चालत नाही. माझ्या मते दाक्षिणात्यांची पद्धत अधिक सोयीची आहे, पण प्रतिष्ठा सोयीवर ठरत नाही.

स्त्रियांच्या आडनावांचा इतिहास थोडा वेगळा. अठराव्या शतकात त्यांना ‘इन’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय लागे. नाट्यसंस्था चालवणारी फ्रीडेरिके कारोलिने नॉयबर ‘डी नॉयबेरिन’ म्हणूनच ओळखली जाते. हा प्रत्यय प्रमाणभाषेतून गेला, तरी ‘डी’ उरले आणि स्त्री असल्याची खूण तेच पटवू लागले, जसे ‘डी मेर्केल’. पुरुष राजकारण्यांचा उल्लेख लेखनात नुसत्या आडनावाने होत असताना स्त्रीलाच उपपद का, असा आक्षेप स्त्रीवादी भाषाभ्यासकांनी घेतला, आणि आज अनेक वृत्तपत्रे पहिल्या उल्लेखात ‘आंगेला मेर्केल’ असे पूर्ण नाव देऊन पुढे नुसते आडनाव वापरतात.