आईला थंडी का वाजत नाही?

नाताळच्या सुट्टीसाठी नाशिकहून अमेरिकेतल्या मिनियापोलिसला आलेल्या आईची काळजी बहुतेक घरांत दाराबाहेरच्या थंडीपुरती घेतली जाते. जाड कोट, कानटोपी, हातमोजे, बर्फावर पकड घेणारे बूट हे सगळे ती येण्याआधीच आणून ठेवलेले असते. आत आल्यावर मात्र मंडळी निर्धास्त होतात, कारण घराचे तापमान राखणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ १९ अंश सेल्सिअस दाखवत असतो आणि आई सुती गाऊनवर एक शाल ओढून म्हणते, ‘‘मला नाही बाई थंडी वाजत.’’ ती खोटे बोलत नसते. पण सत्तरीनंतर या वाक्यावर विसंबता येत नाही.

थंडी वाजणे ही शरीराने केलेली तक्रार असते. त्वचेतील चेतातंतू गारठ्याची वर्दी मेंदूतील हायपोथॅलॅमसला देतात. मग त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत राखली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात, म्हणजेच हुडहुडी भरते. वय वाढते तशी ही जाणीव बोथट होते, रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या आकसत नाहीत, आणि उष्णता निर्माण करणारे स्नायूच घटलेले असल्यामुळे हुडहुडीही दुबळी पडते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा झोपेची गोळी असेल तर हा कारभार आणखी ढिला होतो. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली उतरले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फात अडकावे लागते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वृद्ध व्यक्तीला तो १६ ते १८ अंशांच्या घरातही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी १८ अंशांची किमान मर्यादा सुचवताना वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते, हेही नोंदवले आहे. आई घरात असताना २० ते २१ अंश राखावेत, हे बरे.

हे अंशही तिच्या खोलीतले हवेत. थर्मोस्टॅट जिथे बसवलेला असतो तिथली हवा मोजतो. पाहुण्यांची खोली पुष्कळदा तळघरात असते, आणि गॅस वाचवण्यासाठी रात्री तापमान आपोआप उतरवण्याची सोयही चालू असते. उशाशी एक साधा तापमापक ठेवला की दोन मजल्यांमधला फरक डोळ्यांना दिसतो.

रात्रीचा आणखी एक प्रश्न असतो. त्वचेकडचे रक्त गाभ्याकडे वळल्यामुळे रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. म्हणून थंडीत लघवीला वरचेवर उठावे लागते, तेही अर्धवट झोपेत, अनोळखी घरात आणि गार फरशीवर. हे टाळण्यासाठी आई संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडते. वयामुळे तहान आधीच मंदावलेली असते, त्यामुळे तिला त्याचे काही वाटतही नाही. वाटेवर मंद दिवा आणि न घसरणारे पायमोजे हा उपाय पाण्याला चाट देण्यापेक्षा चांगला.

त्यातच घरातली हवा कोरडी असते. उणे २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर एक ग्रॅमभर बाष्प मावते, तर २१ अंशांना सुमारे १८ ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा आत येऊन नुसती तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचे श्वास यांनी ती थोडी वर चढते, तरीही ओठ फुटतात, घोळणा फुटतो आणि दाराच्या मुठीला हात लावताच ठिणगी उडते. आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांपर्यंत नेणारे यंत्र उपयोगी पडते. खिडकीच्या काचेवर पाणी साचू लागले तर मात्र ते कमी करावे, नाहीतर बुरशी धरते. खोबरेल तेल फाटलेल्या त्वचेला चालते, फक्त ते २४ अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे या घरात बाटली कायम गोठलेलीच राहणार.

ऊब देण्याच्या आपल्या दोन आवडत्या युक्त्या जपून वापरायला हव्यात. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर गरम पाण्याच्या पिशवीने भाजल्याचे कळत नाही, आणि घोटभर ब्रँडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून अंग गरम वाटते खरे, पण गाभ्यातली उष्णता निघून जाते.

हायपोथर्मिया चटकन ओळखू येत नाही. आई गप्पगप्प आहे, शब्द अडखळतात, सारखी पेंगते, हे पाहून घरचे म्हणतात की साडेअकरा तासांच्या फरकाने झोप बिघडली असेल. हुडहुडी नसते, आणि पाऱ्याचा जुना तापमापक साधारण ३५ अंशांखाली दाखवतच नाही. अशा वेळी कपड्यांच्या आत तिच्या पोटावर हाताचा मागचा भाग ठेवून पाहावा. हातपाय गार असणे नेहमीचेच. पण पोटही गार लागत असेल, तर छाती-पोटाभोवती कोरडी ब्लँकेटे गुंडाळून, हातपाय न चोळता, ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करावा.