हातघडणीची सुरी (बेळगाव सीमाभाग)

हातघडणीची सुरी म्हणजे भट्टीत तापवलेले पोलाद ऐरणीवर ठोकून, त्याला पाणी देऊन (म्हणजे तापलेले पाते एकदम विझवून कडक करून), मूठ बसवून आणि म्यान शिवून तयार केलेली सुरी. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माणूस हे काम लोहाराचे म्हणतो. खरे तर पाते तेवढे लोहाराचे. मुठीला सुताराचा आणि म्यानाला चर्मकाराचा हात लागतो. या तिघांपैकी एकाचेही काम कच्चे राहिले तरी सुरी फार दिवस टिकत नाही.

सुरी एकटी घडत नाही. त्याच भट्टीत विळा, खुरपे, कोयता, खाटकाचा सत्तूर, विळीचे पाते, अडकित्ताही होतो. खानापूरकडे भात आणि जंगल, म्हणून तिथे दातेरी विळा व कोयता यांना मागणी. चिकोडी-निपाणीकडे ऊस आणि तंबाखू. गिऱ्हाईक कन्नड बोलणारे असेल तर ते विळ्याला ‘कुडगोल’ म्हणते, लोहाराला ‘कम्मार’ आणि भट्टीला ‘कुलुमे’. सीमाभागातल्या लोहाराला दोन्हीकडचे शब्द ठाऊक असावे लागतात. गावच्या बलुतेदार लोहाराखेरीज रस्त्याकडेला पाल टाकून काम करणारे घिसाडीही ही हत्यारे घडवतात. त्यांच्यात पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि बाई घण मारते. हे जड काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. तरी लोहारकामाचे वर्णन करताना त्यांचा उल्लेख राहून जातो.

कच्चा माल बहुतेक वेळा भंगारातला असतो. ट्रक किंवा ट्रॉलीच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा सर्वांत पसंतीचा. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. धार धरायला तो पुरतो आणि मार खाऊनही पाते तुटत नाही. जुन्या कानशीत कार्बन याच्या दुपटीच्या आसपास, म्हणून तिची धार फार तीक्ष्ण होते, पण ती ठिसूळ. बेळगाव शहर ओतकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असले तरी तिथले बीड (ओतीव लोखंड) सुरीला चालत नाही. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि घणाखाली ते पसरण्याऐवजी फुटते. पाटा निवडताना लोहार तो टांगून हातोडीने वाजवतो. खणखणीत नाद आला तर ठीक; बद्द आवाज आला तर आत बारीक चीर आहे असे समजून तो बाजूला टाकतो. (याच कर्नाटकाच्या भाषेतला ‘उक्कू’ म्हणजे पोलाद. दक्षिण भारतातल्या मुशीतल्या पोलादाला जगभर मिळालेले ‘वूट्झ’ हे नाव त्याच शब्दावरून आले असे मानतात.)

घडण नारिंगी रंगावर होते. लोखंड पांढरे होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की ते जळले, आणि तेवढा तुकडा तोडूनच टाकावा लागतो. आधी टोक काढतात, मग मुठीत शिरणारे शेपूट, शेवटी धारेची बाजू पातळ करतात. नवशिका इथेच फसतो. धारेकडून ठोकले की ती बाजू लांबते आणि पाते पाठीकडे वाकते. म्हणून जाणता लोहार पाते आधीच धारेच्या बाजूला थोडे वाकवून ठेवतो. ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होते. धार या टप्प्यावर दीडेक मिलिमीटर जाड ठेवतात, कारण कागदासारखी पातळ धार पाणी देताना वाकडी होते किंवा तडकते. नंतर पाते दोन-तीनदा लाल करून हवेत किंवा राखेत निवू देतात. ठोकण्याने आलेला ताण त्यामुळे निघून जातो.

पुढचे काम पाणी देण्याचे. सगळ्या सुरीचे भवितव्य या काही क्षणांवर ठरते. भट्टीवरचे छप्पर बुटके आणि उजेड बेताचा ठेवतात तो यासाठीच. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि अंदाज चुकतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर गेले की पाते बाहेर काढून धारेकडची बाजू तेवढी कोमट तेलात बुडवतात. कमानीचे पोलाद थंड पाण्यात टाकले तर चीर जाण्याचा धोका असतो. तेलात विझवले तरी शब्द मात्र ‘पाणी’च राहतो.

आता धार काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ असते. पाठीत मात्र अजून ऊब असते. लोहार झटपट दगडावर घासून पात्याची एक बाजू उजळवतो आणि नजर रोखून बघत राहतो. पाठीकडची उष्णता धारेकडे सरकते तसे चकचकीत पृष्ठभागावर रंग चालत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. भाजी-मांसाच्या सुरीला पिवळा-तपकिरी धारेशी पोचला की सगळे पाते विझवायचे. कोयत्याला बांबूच्या गाठी तोडायच्या असतात, म्हणून त्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. निळा रंग धारेवर आला तर सुरीचे पाणी उतरले. तिला पुन्हा पहिल्यापासून तापवावे लागते. नीट पाणी बसले की नाही हे कानशीने कळते. तेलात विझवल्या विझवल्या, रंग चालत येण्याआधी, धारेवरून कानस घसरली पाहिजे.

मुठीला शिसव किंवा बाभूळ घेतात. शेपूट तापवून लाकडात जाळत बसवतात, फट लाखेने भरतात आणि लाकूड चिरू नये म्हणून तोंडाशी पितळी शेंबी (कडे) ठोकतात.

म्यानाच्या बाबतीत हा भाग भाग्यवान आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे म्यानालाही उत्तम; क्रोमने कमावलेल्या कातड्यातील क्षारांनी पोलाद गंजू शकते. कातडे भिजवून, पात्याला तेल लावून कागद गुंडाळून, त्याच्याभोवती ओले असतानाच दाबून बसवतात. मग आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये कातड्याची वादी घालायलाच हवी. ती नसेल तर सुरी आत-बाहेर करताना टाके कापते आणि एक दिवस बोटही. चांगले म्यान सुरी उलटी धरली तरी सोडत नाही. पण वापरात नसताना सुरी म्यानात ठेवू नये. कातडे दमट हवा शोषते आणि खानापूरच्या पावसात आठवड्याभरात पात्यावर तांबेरा चढतो. तेलाचे बोट फिरवून ती बाहेर ठेवावी.

शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला परवाना लागू शकतो. घरकामाची, शेतीची व उद्योगाची हत्यारे यातून वगळली आहेत. म्हणूनच कोयता बाजारात उघडपणे मिळतो.

खंडेनवमीला ऐरण धुऊन हळद-कुंकू वाहतात आणि घण उचलत नाहीत. शेजारच्या कन्नड घरात तीच आयुधपूजा असते. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र भट्टी थंड होत नाही, कारण शेवटायला (बोथट धार पुन्हा ठोकून काढायला) आणि पाणी द्यायला जुनी हत्यारे येतात. झिजलेल्या कोयत्याची सुरी होते, सुरीची रापी (चर्मकाराचे कातडे कापायचे हत्यार) होते, आणि तीच रापी पुढच्या सुरीच्या म्यानाचे कातडे कापते.