नाव आठवेना तेव्हा इंग्रज काय म्हणाले

आइसलंडच्या संसदेचं नाव आल्थिंग. नॉर्वेची स्टोर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग. तिन्ही नावांच्या शेपटाला जे लटकलंय तो म्हणजे आपण शाळेत शिकलेला इंग्रजी 'थिंग'. वस्तू, गोष्ट, काहीही. इंग्रजीत त्याच्याइतका ढिला शब्द सापडणं कठीण. पण एके काळी त्याचा अर्थ चांगला घट्ट होता. थिंग म्हणजे सभा, तंटे ऐकून निवाडे करायला जमलेली माणसं.

आइसलंडमध्ये ही सभा 930 सालापासून थिंगवेलिरच्या उघड्या माळावर भरे. सुरुवातीला कायदे लिहिलेले नव्हते. त्यामुळे एक खास अधिकारी खडकावर उभा राहून दर वर्षी एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, म्हणजे तीन वर्षांत पारायण पूर्ण. इंग्लंडात सातव्या शतकातल्या केंटच्या ह्लोथेरे आणि एड्रिक या राजांच्या कायद्यातही हा शब्द याच अर्थाने येतो. एकाने दुसऱ्यावर आरोप ठेवला आणि तो त्याला सभेत किंवा 'थिंग'मध्ये भेटला, तर आरोप झालेल्याने जामीन द्यायचा, असं तिथे म्हटलंय.

सभेची 'वस्तू' कशी झाली? टप्प्याटप्प्याने. आधी सभा, मग सभेपुढचं प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि शेवटी हातात धरता येणारी कुठलीही चीज. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण पाच पंचांची पंचायत बसवली आणि तिची 'पंचाईत' करून टाकली. 'पाहुणे आले नि दूध संपलेलं, मोठी पंचाईत झाली' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे पार आणि पंच येतात? 'प्रकरण' हा शब्दही तसाच. कचेरीच्या फायलीतलं प्रकरण आणि ताटात वाढलेल्या अनोळखी पदार्थाकडे बोट दाखवून विचारलेलं 'हे काय प्रकरण आहे?', शब्द एकच. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला. त्याचं फ्रेंचमध्ये 'शोझ' झालं, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'कोसा', आणि अर्थ झाला वस्तू. कोर्टाची पायरी चढलेला शब्द बाहेर पडतो तो असा सैल होऊन.

'स्टफ'ची वाट कापडाच्या दुकानातून जाते. जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्यात सैन्याचा सरंजाम, सामान हा अर्थ होता. पुढे विणलेलं लोकरी कापड हाही अर्थ आला. इंग्लंडच्या वकिलांत तो अजून जिवंत आहे. साधा बॅरिस्टर 'स्टफ गाउन' घालतो, ज्येष्ठता मिळाली की रेशमी. बाकीच्या जगासाठी स्टफ म्हणजे खोक्यात भरलेलं काहीबाही.

हे झाले मुळात नेमके असलेले आणि वापरून झिजलेले शब्द. पण इंग्रजीत दुसरी एक जात आहे, मुद्दाम पोकळ म्हणूनच घडवलेल्या शब्दांची. तिची सुरुवात एका प्रश्नातून होते: 'काय बरं म्हणतात त्याला?' हे अख्खं वाक्य घाईत बोलून बोलून त्याचंच नाम झालं. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये टचस्टोन नावाचा विदूषक जेक्विस या गृहस्थांना 'मास्टर व्हॉट-यी-कॉल्ट' म्हणून हाक मारतो. 'या, श्रीयुत काय-बरं-ते!' त्याला नाव आठवत नाही असं नाही. त्या काळच्या उच्चारात जेक्विस हे नाव 'जेक्स'च्या जवळ जायचं, आणि जेक्स म्हणजे संडास. म्हणून सभ्यपणाचा आव आणून नाव टाळायचं, आणि टाळूनच प्रेक्षकांना ते बरोबर ऐकवायचं. नाटकातला चावटपणा आहे, पण पोकळ शब्दाचं एक महत्त्वाचं काम त्यातून दिसतं. तो विस्मरणापेक्षा संकोचाच्या वेळी जास्त उपयोगी पडतो. आपल्याकडच्या 'आमचे हे'मध्ये कोणी नवऱ्याचं नाव विसरलेलं नसतं.

मराठीत हे सगळं एका सर्वनामावर भागतं. 'ते हे दे गं, त्या ह्याच्यातलं' एवढं म्हटलं की स्वयंपाकघरातली दुसरी बाई बरोबर झारा काढून देते. इंग्रजीने मात्र 'थिंग'लाच शेपट्या लावायला घेतल्या. सतराव्या शतकात 'थिंगम', अठराव्यात 'थिंगमबॉब' आणि 'थिंगमी', एकोणिसाव्यात 'थिंगमजिग'. बॉब, जिग यांना इथे अर्थ नाही. जीभ चालू राहते आणि तेवढ्यात खरं नाव आठवायला उसंत मिळते, बस. आपला 'अमुक-ढमुक'मधला ढमुक काही वेगळं करत नाही.

खरी भरभराट झाली ती जहाजांवर. शिडाच्या मोठ्या जहाजावर दोर, कप्प्या, आकडे, खुंट्या अशा शेकडो गोष्टी, आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव. 1886 साली रॉबर्ट ब्राउन यांचं एक पुस्तक छापलं गेलं. चीनहून चहा आणणाऱ्या जहाजावरच्या पोराची ती रोजनिशी आहे. त्यात तो कबूल करतो की बोटीवरच्या निम्म्या वस्तूंची नावं मला अजून येत नाहीत. पुढे जे सांगतो ते जास्त मोलाचं: मुरलेले खलाशीसुद्धा कधी कधी नाव विसरतात, आणि मग त्या वस्तूला चिकन-फिक्सिंग, गॅजेट, गिल-गाय, टिमी-नॉगी नाहीतर विम-वॉम म्हणून वेळ मारून नेतात. या यादीतले चार शब्द बुडाले. एक पोहून किनाऱ्याला लागला आणि आज मोबाइलच्या दुकानाच्या पाटीवर बसलाय.

'गॅजेट' कुठून आला याची एक गोड कथा सांगतात. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पॅरिसच्या ज्या कारखान्यात घडला त्याच्या मालकांपैकी एकाचं आडनाव गाजे, इंग्रजी वाचनाने गॅजेट. पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती विकल्या गेल्या आणि त्यांना हे नाव पडलं, म्हणे. गोम अशी की पुतळ्याचं अनावरण झालं ऑक्टोबर 1886 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या पुस्तकात खलाशी हा शब्द जुना मुरलेला असल्यासारखा वापरतात. कुलपाच्या किंवा बंदुकीच्या खटक्याला फ्रेंचमध्ये 'गाशेत' म्हणतात. शब्द तिथून आला असावा हा तर्क मला जास्त पटतो. खटक्याला दुकानदार लागत नाही.

पुढची दोन महायुद्धं म्हणजे अशा शब्दांचा सुकाळ. रोज नवं यंत्र हातात, ते शिकवायला वेळ नाही, आणि कित्येकदा त्याचं खरं नाव उच्चारायला बंदी. अमेरिकन नौसैनिकांकडून 'डूहिकी' आला, 1940च्या दशकात मरीन सैनिकांकडून 'गिझ्मो'. 1942 साली ब्रिटनमध्ये एक गाणं गाजलं. त्यातली कारखान्यातली मुलगी सांगते की मी जे बनवते त्याने भोक पडतं, त्या भोकात कडी बसते, कडीने दांडा फिरतो, आणि असं करत करत चालतो तो थिंगमीबॉब. तो नेमका कशाचा, हे तिला ठाऊक नाही. पण युद्ध त्यानेच जिंकायचंय. गाणं हलकंफुलकं आहे, तिची परिस्थिती मात्र खरी होती.

आणि 16 जुलै 1945 च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, शंभर फुटी लोखंडी मनोऱ्यावर ठेवून जगातला पहिला अणुबॉम्ब उडवण्यात आला. लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांत त्याचं नाव होतं 'द गॅजेट'. खलाशाला नाव आठवत नव्हतं, यांना घ्यायचं नव्हतं.

'विजेट'चा प्रवास उलटा आहे. तो 1924 च्या एका अमेरिकन प्रहसनामुळे प्रसिद्ध झाला. जॉर्ज कॉफमन आणि मार्क कॉनेली यांच्या या नाटकात एका गरीब संगीतकाराला श्रीमंत घराण्यात लग्न करून विजेटच्या धंद्यात पडावं लागेल अशी धास्ती असते. विजेट म्हणजे काय हे कोणी सांगत नाही, विनोदच तो. हा शब्द अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी उचलला. एका कारखान्यात दिवसाला शंभर विजेट तयार होत असतील तर, असली गणितं. कोणी कधी न पाहिलेली वस्तू पिढ्यान्‌पिढ्या कागदावर उत्पादित होत राहिली. मग 1980च्या दशकाच्या अखेरीस गिनेस कंपनीने बिअरच्या डब्यात प्लॅस्टिकची एक पोकळ चकती टाकली. आत दाबाखाली नायट्रोजन आणि थोडी बिअर. डबा उघडला की दाब एकदम उतरतो, चकतीच्या बारीक भोकातून झोत सुटतो आणि पबमधल्यासारखा साईचा फेस धरतो. नाव दिलं विजेट. 1991 मध्ये या विजेटला तंत्रज्ञानासाठीचा राणीचा पुरस्कारही मिळाला. कशालाच न लागणाऱ्या शब्दाला शेवटी चिमटीत धरता येईल अशी वस्तू मिळाली.

वस्तूंचं झालं, माणसांचं काय? त्यांच्यासाठी सर्वांत कामसू पोकळ नावं पुन्हा कोर्टातच सापडतात: जॉन डो आणि रिचर्ड रो. जुन्या इंग्लिश कायद्यात जमिनीच्या मालकाने मालक म्हणून दावा लावला तर तो रेंगाळायचा. भाडेपट्ट्यावरून हुसकलेल्या कुळाचा दावा मात्र झटपट चाले. मग वकिलांनी शक्कल काढली. मालकाने म्हणायचं, मी ही जमीन जॉन डोला पट्ट्याने दिली, आणि रिचर्ड रोने त्याला हाकलून लावलं. दोघेही अस्तित्वातच नाहीत. तरी खटला डो विरुद्ध रो. वरताण म्हणजे हा नसलेला रो जमिनीवर खरोखर बसलेल्या माणसाला पत्र पाठवायचा: माझा या जमिनीशी काही संबंध नाही, तुम्हीच हजर राहा, नाहीतर तुम्हाला बाहेर काढतील. खाली सही, 'तुमचा प्रेमळ मित्र'. परीक्षेच्या पेपरात 'आपला विश्वासू, अ. ब. क.' लिहून ज्यांनी पाण्याच्या टंचाईच्या तक्रारी केल्या आहेत त्यांना हे पत्र लगेच कळेल. समोरच्याला बचावाची परवानगी मिळे ती एका अटीवर: पट्टा, ताबा आणि हुसकावणी, तिन्ही बनावट गोष्टी खऱ्या मानायच्या. हा खेळ 1852 साली कायदा करून बंद केला गेला. अमेरिकेत मात्र ही नावं टिकली. 1973 च्या गर्भपाताच्या गाजलेल्या खटल्यातली 'रो' याच कुळातली.

आपल्याकडे याच कामाला 'फलाणा' आहे. मूळ अरबी 'फुलान', फारसीतून मराठीत उतरलेला. स्पेनवर अरबांचं राज्य होतं तेव्हा तोच तिकडेही गेला आणि 'फुलानो' झाला. पण न्यायालयात फलाणा चालत नाही. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने विनापरवाना दाखवणारे केबलवाले नेमके कोण, हे दाव्याच्या वेळी ठाऊक नव्हतं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने अज्ञात इसमांविरुद्ध मनाई हुकूम दिला. असे हुकूम पुढे मुंबई उच्च न्यायालयातूनही निघू लागले, बहुतेक नव्या सिनेमांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध. त्यांना 'जॉन डो ऑर्डर' म्हणतात, आणि देशी नाव आहे 'अशोक कुमार ऑर्डर'. डो आडनावाचा माणूस इंग्लंडमध्ये शोधत फिरावं लागेल. अशोक कुमार कुठल्याही सोसायटीत दोन निघतील.