मोजणीतून सुटलेले किती, तेही मोजावं लागतं

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर रात्री साडेबाराला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा पिशवी उशाला घेऊन झोपलाय. तो पहाटेच्या गाडीसाठी थांबलाय, की रोज इथेच झोपतो? नुसतं बघून सांगता येत नाही. म्हातारा बेघर माणूस बहुधा ठरलेल्या जागी सापडतो. तरुण मात्र आपण बेघर दिसू नये म्हणून जपत असतो: केस विंचरलेले, हातात मोबाईल आणि कुणी विचारलंच तर ‘मित्राकडे राहतो’ हे उत्तर तयार.

२०११च्या जनगणनेत बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं भरली. एकच रात्र ठेवतात ती दुबार नोंद टाळायला. पण शहरातल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी तेवढं पुरत नाही.

त्यांची शहरात वेगळी मोजणी करायची, तर तारीख आधी ठरवावी. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणारे वारकरी, कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेले भाविक, या दिवसांत उघड्यावर झोपणारा प्रत्येक जण बेघर नसतो. पावसाळ्यात उलट होतं. माणसं आडोशाला जातात आणि दिसेनाशी होतात. गर्दी आणि पाऊस दोन्ही नसलेला आठवडा निवडावा, आणि त्यातही मधला वार.

दहा दिवस आधी स्टेशन, एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, मार्केट यार्ड, पार्क चौक, देवळं-दर्ग्यांचा परिसर रात्री पायी फिरून नकाशावर घ्यावा. फलाटासाठी रेल्वेची लेखी परवानगी लागते. ती ऐन वेळी मागितली तर सगळ्यात महत्त्वाची जागाच हातची जाते. मार्केट यार्डात घोटाळा वेगळाच. कांद्याच्या हंगामात रात्री तिथे हमाल, ड्रायव्हर, क्लीनर पोत्यांवर झोपतात. त्यांना घर आहे, फक्त काम रात्रीचं आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘तुम्ही बेघर आहात का?’ असा कधीच नसावा. ‘आज इथून उठावं लागलं, तर झोपायला हक्काची दुसरी जागा आहे का?’ असं विचारावं.

पथक तिघांचं असावं. त्यात एक बाई हवीच; एकाला कन्नड किंवा तेलुगू यावी; आणि एक जण स्वतः कधीकाळी रस्त्यावर राहिलेला असला तर उत्तमच, कारण कुठल्या जिन्याखाली बघायचं हे त्यालाच माहीत असतं. पोलीस सोबत फिरले की मुलं पळतात. ठाण्याला आधी कळवावं, पण गणवेश लांबच ठेवावा.

मुली रात्री जवळजवळ दिसतच नाहीत. हॉटेलच्या मागे किंवा कारखान्यात कामाच्या जागीच झोपणारी पोरंही नाहीत. त्यासाठी पुढचे सात दिवस सार्वजनिक नळ, सुलभ शौचालय, अन्नछत्र, दवाखाना इथे विचारणा चालू ठेवायची, पण प्रश्न त्याच रात्रीचा: ‘मंगळवारी रात्री कुठे झोपला होतात?’

आता सुटलेल्यांचा अंदाज. तळ्यातले मासे मोजायला वापरतात तीच रीत इथे चालते: दोनदा मोजायचं आणि दोन्ही वेळा सापडलेले किती, यावरून एकूण संख्या काढायची. समजा पहिल्या रात्री ६० जण भेटले, आठवड्याने त्याच हद्दीत ५०, आणि त्यांतले २० दोन्ही वेळा. मग सूत्राप्रमाणे प्रत्येक आकड्यात एक मिळवून ६१ गुणिले ५१, भागिले २१, वजा १, म्हणजे सुमारे १४७. प्रत्यक्ष भेटलेले ९० वेगवेगळे जण. उरलेले ५७ दोन्ही वेळा निसटलेले. नावं न घेता जुळणी करायला खुणेचा कोड करतात: स्वतःच्या आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मगावाचा तालुका, लिंग. जन्मतारीख घेऊ नये, अनेकांना ती ठाऊकच नसते. कोड लिहिताना हयगय झाली आणि २० पैकी ५ जुळण्या हुकल्या, तर तोच आकडा १९३ वर जातो! दुसरी अडचण अशी, की पहिल्या रात्रीच्या पथकाने दरडावलं असेल तर दुसऱ्यांदा तीच मुलं टाळतात आणि अंदाज पुन्हा फुगतो. मुलांशी नीट बोलणं हा गणिताचाही भाग आहे.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र सरसकट देऊ नये. अठराखालचं मूल एकटं, निराधार आढळलं तर २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार २४ तासांत कळवावं लागतं. हे संमती घेतानाच सांगावं आणि १०९८ या बाल-मदतवाहिनीच्या कार्यकर्त्यांना त्या रात्री तयार ठेवावं.

शेवटचा प्रश्न बहुतेक फॉर्मांत नसतो, तो जरूर घालावा: ‘कधी बालगृहात होतात का?’ अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडलेल्यांना साधारण २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, मदत मिळू शकते, आणि फलाटावरच्या त्या मुलाला ते कुणी सांगितलेलं नसतं. ‘हो’ म्हणणाऱ्यांची यादी, त्यांच्या परवानगीने, दुसऱ्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावी. अहवाल छापून होईपर्यंत त्याची एकविशी उलटलेली असेल.