‘राज्य जिंकलं की सगळी मतं’ हे अमेरिकेच्या घटनेत नाही

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली की एक वाक्य हमखास फिरतं: ‘राज्य जिंकलं की त्याची सगळी इलेक्टोरल मतं खिशात, घटनेतच तसं आहे.’ घटनेत असं काहीही नाही. कलम २ एवढंच सांगतं की इलेक्टर (राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी) कसे नेमायचे, ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. १८९२ च्या निवडणुकीसाठी मिशिगनने मतदारसंघवार पद्धत आणली. वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि पद्धत वैध ठरली.

आज मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून) मतं वाटतात. नेब्रास्काची मतं ५: २ राज्यभरातल्या विजेत्याला, बाकीची ३ मतदारसंघागणिक एकेक. त्यामुळे राज्य पक्कं रिपब्लिकन असूनही ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं मत २००८ मध्ये ओबामांना, २०२० मध्ये बायडन यांना आणि २०२४ मध्ये हॅरिस यांना गेलं. २०२४ च्या सप्टेंबरात हे बंद करायचा खटाटोप झाला. तत्त्वबित्त्व काही नाही, सरळ एका मताचा हिशेब! राज्याच्या विधिमंडळातले रिपब्लिकन सिनेटर माइक मॅकडॉनेल यांनीच नकार दिला आणि तो बारगळला.

मतं वाटायला अमेरिकेची घटनादुरुस्ती लागते, हीही अफवाच. कोलोरॅडोत २००४ मध्ये टक्केवारीनुसार मतं वाटायचा प्रस्ताव थेट राज्यातल्या मतदारांपुढे गेला होता. त्यांनी तो फेटाळला.