विकत घेतलेलं सॉफ्टवेअर भाड्याचं कसं झालं

श्रावणात गोव्यातल्या फोंड्याला आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या दुकानात वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. दुसऱ्या दिवशी नवा बसवला, पण सॉफ्टवेअर उघडेना. पूर्ण पैसे मोजून घेतलेलं, बिल अजून फायलीत आहे. तरी त्याच्या लेखी मशीन परकं झालं होतं. भजनी सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका तीन दिवस अडकली. ही अडवणूक एका दिवसात आलेली नाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर वेगळं विकलंच जात नसे, ते मशीनबरोबर यायचं. १९६९ मध्ये आयबीएमने त्याची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, अशी तक्रार केली. आपल्याकडे १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात आले. कंपन्यांची तक्रार खोटी नव्हती. आमच्या धंद्यात नकली सीडी सर्रास फिरत, हे मान्यच करायला हवं.

त्यावर पहिला उपाय म्हणजे ‘लॉक’. देवनागरी टायपिंगच्या पॅकेजबरोबर अंगठ्याएवढा डबीसारखा तुकडा यायचा. तो प्रिंटरच्या पोर्टला लावला, तरच अक्षरं उमटत. लॉक बिघडलं की काम बंद, आणि त्रास तिथेच संपत नसे. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारे अक्षरांचे एकच संकेत, येण्याआधी प्रत्येक पॅकेजचे अक्षरसंकेत वेगळे होते. त्यामुळे पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेलं आरतीसंग्रहाचं पान दुसऱ्या मशीनवर उघडलं, की ‘सुखकर्ता’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. मजकूर आपला, पण तो वाचायची चावी त्या डबीत.

तरी ती डबी निदान आपल्या खणात असायची. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ॲक्टिव्हेशन घरोघरी पोचलं. २५ अक्षरांची ‘की’, म्हणजे चावी, टाकायची, मग मशीनच्या भागांवरून तयार झालेला ओळख-आकडा इंटरनेटवरून किंवा फोनवरून कंपनीला कळवायचा. भाग फार बदलले, तर पुन्हा परवानगी. माझ्या मते खरा बदल इथेच झाला: चावी आपल्या खणातून कंपनीच्या सर्व्हरवर गेली. आणि सर्व्हर बंद झाला तर? फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने ‘क्रिएटिव्ह सूट २’ या आपल्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत वेगळी द्यावी लागली. ती दिली, हे चांगलं झालं. पण देणं न देणं कंपनीच्या हाती होतं.

एकदा चावी तिकडे गेल्यावर दर महिन्याला तिचे पैसे मागणं अवघड नव्हतं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ आलं, २०१२ मध्ये ॲडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड. २०१३ मध्ये ॲडोबीने सांगितलं की यापुढे कायमच्या परवान्याच्या क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या नाहीत. २०१६ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने तीच वाट धरली. कंपन्यांचं कारण उघड आहे: जुन्या आवृत्तीवर समाधानी असलेला ग्राहक वर्षानुवर्षं नवी घेत नसे.

याला मराठीत ‘वर्गणी’ म्हणतात, ते मला पटत नाही. मासिकाची वर्गणी थांबली, तरी जुने अंक कपाटात राहतात. हे भाडं आहे. आमच्याकडे काम जत्रा, लग्नसराई आणि चतुर्थीला येतं. भाडं मात्र रिकाम्या महिन्यांतही चालू. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराला गोव्यात १९७५ च्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण दिलं. सॉफ्टवेअरच्या भाडेकरूला मात्र हप्ता चुकला, की स्वतःच्याच फायलींवर काम करता येत नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना एक्सपी मशीन आम्ही अजून ठेवला आहे, नेटला न जोडता, मागे लॉक लावून. एखाद्या देवस्थानाची समिती पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका मागायला येते, तेव्हा तो सुरू करतो. ती पानं अजून तिथेच नीट उघडतात.